शनवार तेल्यांचा कुणी द्वेष का नाही केला?

माझी आजी अलिबागच्या बाजूची. तिच्या तोंडून ज्यू हा शब्द मी कधी ऐकलाच नाही, ती म्हणायची शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली, इतका साधा हिशोब. त्यांना खवलं नसलेला मासा चालत नाही, मुलाची आठव्या दिवशी सुंता करतात, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात म्हणजे गोड केलेले पोहे, खोबरं आणि फळं, तो आजीने लहानपणी त्यांच्या पडवीत बसून खाल्लेला, आणि बाकी नऊवारी, हिरवा चुडा, भांडणातल्या शिव्या सगळं आपल्यासारखंच. हे लोक म्हणजे तेच ज्यू, ज्यांना युरोपात गॅस चेंबरमध्ये घातलं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि मी आजीला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "त्यांना? कशापायी?" एवढंच म्हणाली.

मागच्या महिन्यात एका मित्राशी वाद झाला तेव्हा हे कशापायी परत आठवलं. मित्र वाचणारा आहे, उगाच बोलणारा नाही. त्याचं म्हणणं असं की ज्यूंचा द्वेष हा बाकीच्या द्वेषांसारखा नाहीच. दोन हजार वर्षं चाललाय, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या धर्मांत, आणि आरोप बघ कसे, एकीकडे म्हणतात हे भांडवलदार, जगातल्या सगळ्या बँका यांच्याच, दुसरीकडे म्हणतात कम्युनिझम यांनीच आणला, एकीकडे म्हणे हे कुणात मिसळत नाहीत आणि दुसरीकडे म्हणे हे इतके मिसळतात की ओळखू येत नाहीत. एवढं सगळं कुठल्याही नॉर्मल कारणाने होऊच शकत नाही, यामागे काहीतरी दैवी आहे, शाप म्हण किंवा निवड म्हण.

आता हे काही त्याच्या डोक्यातून आलेलं नाही. ज्यू परंपरेतच हा विचार फार जुना आहे. तालमूद या त्यांच्या जुन्या धर्मग्रंथात शब्दांचा एक खेळ आहे, सिनाय म्हणजे ज्या डोंगरावर मोशेला धर्मशास्त्र मिळालं तो, आणि हिब्रूत सिना म्हणजे द्वेष, तर म्हणे त्याच डोंगरावरून हा द्वेषही जगात उतरला. दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योहाय यांच्या नावावर एक वचन आहे की एसाव याकोबाचा द्वेष करतो हा नियमच समजा (याकोब म्हणजे ज्यूंचा मूळपुरुष, एसाव त्याचा भाऊ), आणि पुढे एसाव म्हणजे रोम, मग एसाव म्हणजे ख्रिस्ती जग असा अर्थ लागत गेला. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री घरोघर जे वाचतात त्यातही आहे की प्रत्येक पिढीत कुणीतरी आम्हाला संपवायला उठतं. ज्या लोकांनी खरंच हे भोगलं त्यांना असं वाटलं तर त्यात नवल काय. आपण का मार खातोय याला काहीच अर्थ नाही असं मानण्यापेक्षा देवाच्या हिशोबात याला काहीतरी जागा आहे असं मानणं सोपं जातं, आणि त्या समजुतीच्या आधारावर माणसं टिकलीही. त्याची टिंगल करायचा मला काहीच अधिकार नाही.

पण टिकायला आधार देणारी गोष्ट खरी असतेच असं नाही.

आधी शब्दाचा एक घोळ. मराठीत नैसर्गिक म्हटलं की साहजिक असा वास येतो, म्हणजे "साहजिकच आहे, कुणालाही राग येईल" वगैरे. मी म्हणते ते तसलं नैसर्गिक नाही. हा द्वेष माणसांनी तयार केला, माणसांनी पसरवला, त्याच्या तारखा आणि पत्ते सापडतात, एवढंच माझं म्हणणं. उलट हा द्वेष माणसाच्या रक्तातच आहे असं म्हणणारे लोक वेगळे होते. १८८२ मध्ये ओडेसाचे डॉक्टर लिओन पिन्स्कर, स्वतः ज्यू, रशियातल्या दंगली बघून हादरलेले, यांनी लिहिलं की हा दोन हजार वर्षं पिढ्यानपिढ्या चालत आलेला मनोविकार आहे आणि याला औषध नाही, देश मेला तरी हे लोक भुतासारखे चालत राहिले म्हणून जग त्यांना घाबरतं. आणि नाझींचं म्हणणं तर काय, वंशच वेगळा, त्यामुळे वैर निसर्गातच. म्हणजे कुणी देवाकडे बोट दाखवलं, कुणी रक्ताकडे, दोन्हीकडे करणारा माणूस मात्र सुटला.

तर परत कोकणात येऊ. बेने इस्राएलांची, म्हणजे याच शनवार तेल्यांची, दंतकथा अशी की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले. कधीची गोष्ट यावर बरीच मतं आहेत, त्यात पडत नाही. पण कित्येक शतकं हे लोक रायगडातल्या गावागावांत राहिले, रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर झाले, आंग्र्यांच्या आरमारात आणि नंतर इंग्रजांच्या पलटणीत गेले. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर नावाच्या सुभेदाराने मुंबईत पहिलं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ बांधलं, त्याला लोक मशीदच म्हणायचे आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात. या सगळ्या काळात शनवार तेल्यांची घरं जाळली, त्यांनी विहिरीत विष घातलं म्हणून गाव उठलं, त्यांनी पोर पळवून रक्त काढलं म्हणून कुणाला फासावर दिलं, असं एक प्रकरण दाखवा. नाहीये.

गुलाबी चित्र रंगवायचं नाहीये मला. तेली म्हणून जातीच्या उतरंडीत त्यांना खालचीच पायरी होती, आणि त्यांच्यातही गोरे इस्राएल काळे इस्राएल असा भेद होता, हवापाण्याचा गुण म्हणा. पण हा जो काय कमीपणा होता तो तेली म्हणून होता, ज्यू म्हणून कुणी वेगळा राग काढत नव्हतं. गंमत म्हणजे तुम्ही खरे ज्यू तरी आहात का हा अपमान त्यांच्या वाट्याला आला तो इस्राएलमध्ये गेल्यावर, तिथल्या धर्मगुरूंकडून, लग्नं लावताना चौकशा करायचा फतवा निघाला, तर १९६४ साली आपल्या लोकांना धरणं धरून तो मिटवावा लागला.

मित्र म्हणाला कोकण हा अपवाद. ठीक आहे, मग त्याच किनाऱ्यावर थोडं खाली गोव्यात जाऊ.

पणजीच्या चर्चसमोर जी बाग आहे तिला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. हा पोर्तुगीज डॉक्टर, १५३४ मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर औषधोपचार करायचा, मुंबई बेट काही वर्षं त्याच्याकडे भाड्याने होतं, आणि आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्याचे आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये जबरदस्तीने ख्रिस्ती केलेले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं, म्हणजे धर्मकोर्ट, आणि नवख्रिस्ती लोक गुपचूप ज्यू धर्म पाळतात का हे शोधणं हे त्याचं सुरुवातीचं मोठं काम. ओर्ता १५६८ मध्ये मेला, नशीबवान म्हणायचा, कारण पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं. आणि १५८० मध्ये याची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी! हाडांची काय भीती वाटत असेल.

आता बघा, समुद्र तोच, पाऊस तोच, शतक तेच. अलिबागकडे शनिवारी घाणा बंद ठेवला तर लोक म्हणतात बरं, तो शनवार तेली, आणि ओल्ड गोव्यात शनिवारी स्वच्छ कपडे घातलेत अशी कुणी चुगली केली तरी चौकशी लागू शकत होती. द्वेष आकाशातून पडत असता तर दोन्हीकडे सारखा पडला असता ना? गोव्यात तो लिस्बनहून जहाजातून आला, कागदपत्रं, कारकून, तुरुंग आणि नियमांच्या वह्या घेऊन. अलिबागच्या गावात ती वही पोचली नव्हती.

आणि ही वही लिहायला किती कष्ट पडले ते पण बघण्यासारखं आहे. ३८६-३८७ च्या सुमाराला अंत्युखिया शहरात, आजच्या तुर्कस्तानात, जॉन क्रिसोस्टम नावाचे मोठे ख्रिस्ती प्रवचनकार होते, इतके गोड बोलायचे म्हणून तर सोन्याच्या तोंडाचा हे नाव पडलं. त्यांनी ज्यूंविरुद्ध आठ प्रवचनं दिली, आणि त्यातली भाषा वाचवत नाही. पण ती प्रवचनं का द्यावी लागली? कारण त्यांचे स्वतःचे भाविक ज्यूंच्या सणांना आवडीने जात होते. शोफार म्हणजे शिंग फुंकताना ऐकायला गर्दी करायचे, त्यांचे उपास धरायचे, आजारी पडले की त्यांच्याकडचे उपाय करायचे. एक माणूस तर एका बाईला शपथ घ्यायला ओढत सिनेगॉगमध्ये नेत होता, कारण म्हणे तिथली शपथ जास्त कडक. आपल्याकडे नाही का लोक पिराला नवस बोलतात, अगदी तेच. म्हणजे चौथ्या शतकातल्या साध्या ख्रिस्ती माणसाला शेजारचा ज्यू आवडत होता, आणि त्याला तो आवडू नये म्हणून आठ प्रवचनं लागली. मग शेकडो वर्षं तीच पारायणं चालली, यांनीच देवाच्या पुत्राला मारलं, दर गुड फ्रायडेला, दर पिढीला. १२१५ मध्ये पोपच्या सभेने ठरवलं की ज्यूंचे कपडे वेगळे दिसले पाहिजेत. का? तर नाहीतर फरक कळत नाही म्हणून. म्हणजे बघा, निसर्गाने फरक केलाच नव्हता, तो शिवून घ्यावा लागला.

बरं, नुसत्या प्रवचनाने घरं जळत नाहीत, त्याला पैशाचा वारा लागतो. स्ट्रासबर्गचं उदाहरण घेते. १४ फेब्रुवारी १३४९, शनिवार, शब्बाथ म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस. शहरातल्या ज्यूंना त्यांच्याच स्मशानात नेऊन लाकडी मंचावर जाळलं, शेकडो माणसं. कारण काय तर विहिरीत विष घालून प्लेग आणला. आणि प्लेग त्या दिवशी शहरात पोचलेलाच नव्हता! ज्यूंच्या बाजूने उभं राहिलेलं शहराचं जुनं सरकार चार-पाच दिवस आधी उलथवलेलं होतं. जाळून झाल्यावर सगळ्यांचे कर्जाचे कागद रद्द, गहाण वस्तू परत, रोख रक्कम कारागिरांत वाटली. तिथल्याच एका बखरकाराने लिहून ठेवलंय की ज्यूंना मारलं ते पैशाने, ते गरीब असते आणि सरदार त्यांचे देणेकरी नसते तर ते जळाले नसते. पोप सहावा क्लेमेंट आदल्या वर्षीच सांगत होता की अरे, ज्यू पण प्लेगने मरतायत, पण कोण ऐकतं. यात अलौकिक काय आहे सांगा, ही तर सरळ सरळ हिशोबाची वही आहे.

इथे कुणी म्हणेल, मग सावकारीचाच राग होता, बास. नाही, तेवढ्यानेही भागत नाही, आणि हे आपल्याला महाराष्ट्रातल्या लोकांना चांगलं कळायला पाहिजे. १२ मे १८७५, सुपे, भीमथडी तालुका, जिल्हा पुणे. आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले, तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरलं. सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजर, म्हणजे बाहेरून आलेले, भाषा वेगळी, देव थोडे वेगळे, व्याज भरमसाट. द्वेषाला जे जे लागतं ते सगळं हजर. आणि लोकांनी काय केलं? रोखे मागितले. खातेवह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून चौकात जाळले. सरकारी चौकशीत पण हेच नोंदलं गेलं की कागद हातात पडले की लोक बहुतेक ठिकाणी परत जात होते, माणसांना इजा फार कमी झाली. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. आता हे यॉर्कच्या शेजारी ठेवून बघा. ११९०, इंग्लंड, यॉर्क शहर, ज्यू सावकार, कर्जबाजारी सरदार. तिथेही चर्चमध्ये ठेवलेले कर्जाचे कागद जाळले, पण ते माणसं संपवल्यावर. किल्ल्यातल्या बुरुजात अडकलेल्या दीडेकशे ज्यूंपैकी बऱ्याच जणांनी आपल्याच हाताने बायकामुलांना मारून जीव दिला, उरलेले बाप्तिस्मा घेतो म्हणून बाहेर आले तर त्यांना कापलं.

कर्ज दोन्हीकडे होतं, परकेपणा दोन्हीकडे होता. सुप्याच्या शेतकऱ्याला मारवाड्याचा राग होता पण मारवाड्याने आपल्या देवाला मारलं अशी गोष्ट त्याला लहानपणापासून कुणी सांगितली नव्हती. त्यामुळे त्याचा राग कागदाशी संपला. यॉर्कमध्ये कागदाच्या मागे हजार वर्षांची कथा उभी होती, शिवाय त्याच वर्षी तिसऱ्या क्रुसेडला म्हणजे धर्मयुद्धाला निघालेली टाळकी गावात होतीच. मला वाटतं या विषयाची किल्ली इथे आहे. नुसती कथा असली तर माणूस कुजबुजतो, नुसतं कर्ज असलं तर कागद जाळतो, आणि दोन्ही एकत्र आले आणि वरून राजा किंवा कोतवालाने डोळा मिटला की मग यॉर्क होतं. आणि ज्यूंनी सावकारीच का केली, तर जमीन नाही, कारागिरांच्या संघात प्रवेश नाही, ख्रिश्चनाने व्याज घेणं पाप, म्हणून राजानेच त्यांना त्या गादीवर बसवलं, स्पंजासारखं वापरलं, भरला की पिळला. फ्रान्सच्या राजांनी तर त्यांना हाकलून परत बोलावून परत हाकलून असं केलं, ११८२, ११९८, १३०६, १३१५, १३९४. दैवी शाप असा खजिन्याच्या गरजेप्रमाणे चालूबंद होत नसतो.

मित्राचा पुढचा मुद्दा मला जास्त इंटरेस्टिंग वाटला. तो म्हणाला, जिथे ज्यू उरलेच नाहीत तिथे पण द्वेष असतो, हे कसं? बरोबर आहे. इंग्लंडमधून १२९० मध्ये सगळे ज्यू काढले, १६५६ पर्यंत उघडपणे कुणी नव्हतं, आणि या मधल्याच काळात शेक्सपिअरने शायलॉक हा ज्यू सावकार रंगवला आणि पब्लिकला तो लगेच कळला. पण हे तर माझ्याच बाजूचं आहे. माणूस समोर नसताना द्वेष राहतो, म्हणजे तो माणसाच्या वागण्यातून येत नव्हता, कथेतून येत होता.

पोलंडमधल्या कीएल्त्से शहराची गोष्ट तर अंगावर येते. ४ जुलै १९४६. युद्ध संपून वर्ष झालेलं, लाखोंनी ज्यू मारले गेलेत हे सगळ्या पोलंडला माहीत, छावण्यांतून वाचून आलेले थोडेसे ज्यू प्लांटी रस्त्यावरच्या ७ नंबरच्या बिल्डिंगमध्ये राहत होते. आठ वर्षांचा एक मुलगा दोन दिवस घरातून गायब, खरं तर तो लांबच्या एका गावात ओळखीच्यांकडे गेला होता. परत आल्यावर मार पडू नये म्हणून म्हणा किंवा कुणी पढवलं म्हणून म्हणा, तो म्हणाला मला ज्यूंनी त्या बिल्डिंगच्या तळघरात कोंडलं होतं. पोलिस गेले, मागून जमाव, मग सैनिक. ४२ ज्यू मारले. आणि त्या बिल्डिंगला तळघरच नव्हतं. कुणीही जाऊन बघू शकलं असतं, पोलिसांनी तर बघितलंच. पण ज्यू म्हणजे पोरं तळघरात कोंडून रक्त काढणारे ही गोष्ट ११४४ पासून, इंग्लंडमधल्या नॉर्विचपासून फिरत होती, तर नसलेलं तळघर लोकांना दिसलं आणि असलेली भिंत दिसली नाही.

आरोप एकमेकांच्या विरुद्ध का, याचं उत्तरही यातच आहे. कामगाराला भांडवलदाराची भीती, भांडवलदाराला कामगाराची, प्रत्येकाने आपापली भीती एकाच खुंटीला टांगली. झायनच्या वडीलधाऱ्यांचे तथाकथित गुप्त ठराव म्हणून जो कागद १९०३ मध्ये रशियात छापला गेला तो तर चक्क चोरीचा माल. १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनची खिल्ली उडवणारं एक फ्रेंच पुस्तक आलं होतं, त्यात ज्यूंचा संबंधच नव्हता, त्यातलेच उतारे उचलून राजाच्या जागी ज्यू घातले. १९२१ मध्ये लंडनच्या टाइम्सने दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापून हे उघडं पाडलं. फरक पडला का? नाही, आजही कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जगावर राज्य करणारी ती तेरा घराणी की काय ती येतातच, फॉरवर्ड करणाऱ्या काकांनी आयुष्यात ज्यू बघितलेला नसतो. हेच काका इस्राएलचं कौतुक पण करतात आणि फुटपाथवरून हिटलरचं आत्मचरित्र पण आणतात, कारण "माणूस डिसिप्लिनचा होता". २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाने हॉटेल निघालं होतं, मुंबईतल्या ज्यूंनी सांगितलं तेव्हा नाव बदललं. आपल्याकडे हा द्वेष नाही हे खरं, पण ते शहाणपणामुळे आहे असं समजू नका, बरंचसं अज्ञानामुळे आहे, आणि अज्ञानात काहीही पेरता येतं. कवी निसिम एझिकेल मुंबईचेच, बेने इस्राएल. त्यांनी कवितेत लिहिलंय की कॅथलिक शाळेत मुलं त्यांना म्हणायची, ख्रिस्ताला तू मारलंस. मुंबईत भायखळ्यासारख्या ठिकाणी ही शिवी कशी आली? धड्यातून.

राहिला दोन हजार वर्षांचा मुद्दा. एक तर इतकं लांब वैर असायला इतकं लांब टिकणारं गिऱ्हाईक लागतं. दक्षिण फ्रान्समधल्या कॅथार पंथीयांचाही चर्चने असाच द्वेष केला, ते संपले, म्हणून त्यांचा द्वेषही संपला. ज्यू टिकले, ग्रंथ टिकले, पंचायती टिकल्या, म्हणून प्रत्येक नव्या राजाला तेच सापडले. दुसरं म्हणजे द्वेष सलग नाहीये, जागोजागी तुटतो. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये जर्मन शहरांचा अभ्यास छापला. प्लेगच्या वेळी ज्या गावांत ज्यूंची कत्तल झाली होती त्या गावांत १९२८ मध्ये नाझींना जास्त मतं, म्हणजे जवळपास सहाशे वर्षं एकाच गावात विष टिकलं. ऐकून वाटतं हे तर भूतच. पण पुढे बघा, हान्सा या जुन्या व्यापारी शहरांच्या संघातल्या बंदरांत हा संबंध सापडत नाही, तिथे तो विरून गेला. बाहेरच्या माणसाशी रोज सौदा करावा लागला की आजोबांची कथा मागे पडते. शापाला बंदराचं काय पडलंय?

मला या अलौकिक कारणाचा राग येतो त्याला एक घरचं कारण पण आहे. चोखोबांचा एक अभंग आहे, त्यात ते स्वतःबद्दल सांगतात की मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा महाराचा जन्म आला, हा विटाळ पूर्वीचं फळ. थांबून वाचा. देवाची निंदा केली म्हणून पिढ्यानपिढ्या शिक्षा, अगदी तीच कथा, युरोपात येशू, इथे कृष्ण. आणि तिथे रब्बी शिमोन तसे इथे चोखोबा, सोसणारा माणूसच म्हणतो की हा नियम आहे. देवळाबाहेर उभं करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. १९४८ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यता आली कुठून यावर पुस्तक लिहिलं, त्यातलं उत्तर आज सगळ्यांना पटतंच असं नाही, पण त्यांनी ते इतिहासात शोधलं, पूर्वजन्मात नाही. म्हणजे कोणी केलं असं विचारलं. हा प्रश्न विचारला की कातारिनाला जाळणारा नियतीचा हात राहत नाही, सही करणारा अधिकारी होतो.

एवढं सगळं बोलून झाल्यावर मित्राने शेवटचा पत्ता टाकला. म्हणाला, मग नरिमन हाऊस? तुझ्या त्या लाडक्या किनाऱ्यावर, मुंबईतच ना?

हो. २६ नोव्हेंबर २००८, बोट कुलाब्याच्या मच्छीमार नगरला लागली, आणि दहा जणांपैकी दोघं सरळ त्या गल्लीत गेले जिथे रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि रिव्हका राहत होते. ते दोघं आणि घरातले आणखी चार जण मारले गेले. इतक्या मोठ्या शहरात ही अरुंद गल्ली त्यांना कशी सापडली? आधी रेकी करून कुणीतरी नकाशा दिला होता. कित्येक महिने कॅम्पमध्ये ट्रेनिंग, आणि तरी हल्ला चालू असताना पलीकडून फोनवर सतत कुणीतरी बोलत होतं, आता हे करा, आता ते करा. गल्लीतल्या लोकांना तर शेजारी कोण राहतं याचं सोयरसुतक नव्हतं, आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, उचलून बाहेर पळाली ती त्यांची आया सँड्रा सॅम्युअल, ख्रिश्चन बाई. मी मित्राला म्हटलं, अंत्युखियात आठ प्रवचनं लागली, इथे पलीकडून सतत चालू असलेला फोन लागला. (गाझात जे चाललं त्यावर इस्राएल सरकारला शिव्या घाला, मीही घालते, पण त्यासाठी कुलाब्यातल्या, पॅरिसमधल्या किंवा अलिबागच्या इस्राएल आळीतल्या माणसाला जबाबदार धरलं की तीच जुनी वही उघडली.)

"मग थांबणार कसा?" तो म्हणाला. थांबेलच असं मी म्हणत नाही. पण एक उदाहरण सांगितलं. ज्यूल इझाक नावाचे फ्रेंच इतिहासकार, ज्यू, बायको आणि मुलगी ऑशविट्झला मारली गेलेली. हा माणूस लपत-छपत एकच काम करत राहिला, चर्चची शिकवण आणि मूळ शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं ओळीला ओळ लावून तपासायची, आणि सिद्ध करायचं की हा तिरस्कार येशूने नाही, नंतरच्या शिक्षकांनी शिकवलाय. १३ जून १९६० ला, वय ८२, ते पोप तेविसावा जॉन यांना भेटले आणि कागद हातात दिले. निघताना विचारलं, थोडी आशा घेऊन जाऊ का? पोप म्हणाले, आशेपेक्षा जास्त. या पोपने आदल्याच वर्षी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतला ज्यूंना लावलेला एक वाईट शब्द काढून टाकला होता. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅटिकनच्या परिषदेत बिशप बसले आणि येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर, तेव्हाच्याही आणि आजच्याही, टाकता येणार नाही असं ठरावाला आलं. चिठ्ठ्या मोजल्या. बाजूने २२२१, विरोधात ८८.